अध्यक्षांचा हवाल

अध्यक्ष दर्याकडे पाठ करून कधी बसले नाहीत. नगरपरिषदेतल्या त्यांच्या खोलीला समुद्राच्या बाजूने एक मोठी खिडकी होती आणि आधीच्या सगळ्या अध्यक्षांची खुर्ची त्या खिडकीला पाठ लावून असायची. वारा पाठीवर येतो, बरं वाटतं. यांनी निवडून आल्यावर पहिलं काम केलं ते टेबल उचलून थेट खिडकीला लावण्याचं. त्यामुळे भेटायला आलेल्या माणसाला बाजूला उभं राहावं लागायचं आणि त्यांचा एक कान आणि अर्धी मिशी एवढंच दिसायचं. माणूस गटाराची तक्रार सांगत असायचा, अध्यक्ष लाटा बघत असायचे. सांगून झालं की ते मान न वळवता म्हणायचे, "आयकलंय. फुडे?"

गावात लोक म्हणायचे, ह्येका दर्यो चावलो. बाजारात मुलं त्यांच्यामागून ओरडायची, "अध्यक्षांनू, पाणी इला." ते खरोखर थांबून बघायचे.

मला त्यांची भीती वाटायची. मी मुंबईला कॉन्व्हेंटात शिकले. बाबा वारल्यावर काकीकडे गावी आले, तेव्हा मला मालवणी समजायची पण बोलता यायची नाही. देवनागरीही मी बोट ठेवून वाचल्यासारखी वाचायचे. काकीचं घर किनाऱ्यावरच्या वाडीत, वाळूला लागून. काका गेल्यापासून ती एकटी होती. सुकी मासळी करायची आणि आठवड्याच्या बाजाराला एसटीने कसालला नेऊन विकायची. मी दिवसभर घरात पुस्तक घेऊन बसते हे तिला बघवत नव्हतं. नगरपरिषदेला इंग्रजी लिहिणारं कोणीतरी हवं आहे असं कळल्यावर तिने मला हाताला धरून तिथे नेलं आणि दारात सोडून दिलं.

मुलाखत अशी झाली. अध्यक्षांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "तू खंय रवतंस?"

मी वाडीचं नाव सांगितलं.

"तुका पवाक येता?"

पोहता येतं का, हे विचारतायत हे कळायला मला थोडा वेळ लागला. मी नाही म्हणाले.

"दर्यार रवतंस आणि पवाक येना नाय," ते म्हणाले. रागावून नाही. एखाद्याने आजाराचं नाव सांगावं तसं. मग म्हणाले, "उद्यापासून ये."

कुठल्याशा खात्याकडून एक इंग्रजी पत्र आलं होतं. सार्वजनिक आरोग्य आणि हवामान बदल याबाबत नगरपरिषदेने काय केलं, त्याचा नियमित 'अपडेट' द्यावा असं त्यात होतं. मी ते वाचून दाखवलं.

"अपडेट म्हणजे काय गो?"

"आत्तापर्यंतची माहिती. अहवाल," मी म्हणाले.

"आणि हवामान बदल? तलाठ्याची करतत तशी बदली?"

मला हसावं की नाही ते कळेना. ते स्वतः हसत नव्हते. मग म्हणाले, "अहवाल सरकाराक. तो तू इंग्रजीत लिही. माणसांक मी हवाल सांगतलंय." आणि तेव्हापासून दर महिन्याच्या एका बाजाराच्या दिवशी, मासळीचा लिलाव आटोपला की, ते मच्छी मार्केटसमोर एका उलट्या क्रेटवर उभे राहून गावाला हवाल सांगू लागले. क्रेट कुठल्या बाजूला ठेवायचा हे ठरलेलं होतं. त्यांचं तोंड दर्याकडे आणि ऐकणाऱ्यांची पाठ.

सुरुवातीला कोणी ऐकायचं नाही. 'नागरिक बंधुभगिनींनो' म्हटलं की बायका टोपल्या उचलायच्या. ते शुद्ध मराठीत बोलायचे आणि शुद्ध मराठी आमच्याकडे फक्त ऑफिसात आणि लग्नपत्रिकेत असते. मी बाजूला छत्री धरून उभी राहायचे आणि कोणी माझ्याकडे बघू नये म्हणून छत्रीच्या काड्यांकडे बघायचे.

त्यांचे बाकीचे उद्योग मात्र सगळ्या गावाला माहीत होते. स्कूटरच्या हुकाला एक पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी लटकलेली असायची. तिच्यात गप्पी मासे. डासांची अंडी खातात म्हणून विहिरीविहिरीत ते स्वतः सोडायचे. मासेवाल्या बायका विचारायच्या, "अध्यक्षांनू, ह्यो वाटो कसो दिलात? तळूक तेलाचो थेंब पुरात." शर्टाच्या खिशात पेनाऐवजी एक स्टीलचा चमचा. उन्हाळ्यात ते वाडीवाडीतल्या विहिरींचं पाणी त्या चमच्याने चाखत फिरायचे. तोंडात घोळवून बाजूला थुंकायचे आणि एकच शब्द बोलायचे, गोडा किंवा मचूळ. आमच्या वाडीच्या विहिरीवर एकदा त्यांनी परत परत चाखलं. काकी कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"काय झाला? साखर घालू?"

"गेल्या साली गोडा होता," ते म्हणाले.

काकी हसली. पण त्या दिवसापासून तिने पिण्याचं पाणी वरच्या आवाठातून, म्हणजे चढावरच्या वस्तीतून, आणायला सुरुवात केली आणि मला त्याचं कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हंडा उतरवताना ती एकदा विहिरीकडे बघायची, घरात कोणी परका माणूस बसला असावा तसं.

कोणाच्याही घरी गेले तर अध्यक्ष पुढच्या दाराने आत जात नसत. आधी घराला वळसा घालून मागीलदारी जायचे. नारळाच्या करवंट्या, फुटके डबे, टायर, सगळं पायाने उलथं करायचे आणि मगच ओटीवर येऊन चहा घ्यायचे. चिकुनगुनिया आला त्या पावसाळ्यात लोकांना त्याचा अर्थ कळला. आमची सगळी वाडी महिनाभर वाकून चालत होती. धडधाकट बाप्ये भिंत धरून परसाकडे जायचे. काकीच्या बोटांना भाताच्या टोपावरचं झाकण उचलवत नव्हतं. ती चुलीपुढे बसून नुसती त्या झाकणाकडे बघत राहायची. अध्यक्ष आले आणि नेहमीप्रमाणे मागे गेले. पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवलेली काकांची जुनी होडी तिथे होती. काकीने ती विकली नव्हती. तिच्या तळात पाणी साचलं होतं आणि त्यात वळवळणारे बारीक किडे होते, इतके की पाणी हलतंय असं वाटावं. अध्यक्षांनी मला हाक मारून दाखवलं.

"तुज्या काकीचो ताप हंय जल्मलो," ते हळू आवाजात म्हणाले. "तिका सांगा नको." मग त्यांनी आणि मी मिळून ती होडी कलती केली.

या तापाचा हवाल त्यांनी लोकांना कसा द्यायचा याचा मी घरी विचार करत होते. त्यांनीही केला असणार. त्याच सुमाराला ग्रामदेवतेची जत्रा झाली. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस हात जोडून देवाला गावाचं सगळं म्हणणं सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी पहिल्यांदाच ते ऐकत होते. बाजूला बघितलं तर अध्यक्ष देवाकडे न बघता लोकांच्या तोंडांकडे बघत होते.

पुढच्या बाजाराला ते क्रेटवर चढले, चपला काढल्या आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ही जी तुजी लेकरा हंय जमली आसत—"

बायकांचे हात टोपल्यांवर थांबले. कोणीतरी सवयीने म्हणून गेलं, "व्हय म्हाराजा."

"त्येंच्या हाडात जो काय ताप शिरलो आसा—"

"व्हय म्हाराजा." आता बरेच जण.

"तो त्येंच्याच मागीलदारच्या करवंटीत जल्मलो—"

हसू फुटलं, पण हसतहसत सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"तर आजपासून कोणाच्या मागीलदारी करवंटी उताणी दिसाची नाय."

"व्हय म्हाराजा."

आणि खरंच दिसली नाही. गाऱ्हाण्यात होय म्हटलेलं मोडायचं कसं, या धाकाने बायका सकाळी उठून आधी करवंट्या बघायच्या. पुढे शेतात लावणीला अनवाणी गेलेल्यांना उंदरांमुळे होणारा तापही आला. त्यात वरच्या आवाठातली एक तरणी बाई दोन-तीन दिवसांत गेली. तेव्हा पायाच्या जखमेचं, गोळीचं, उकळलेल्या पाण्याचं, सगळं गाऱ्हाण्यातूनच सांगितलं गेलं आणि लोकांनी ऐकलं. मी इंग्रजीत अहवाल लिहायचे तेव्हा यातलं काही त्यात घालता यायचं नाही. गाऱ्हाण्याला इंग्रजी शब्द मला सापडला नाही.

अध्यक्षांना मात्र ताप ही धाकटी गोष्ट वाटायची. हवाल संपला की ते क्रेटवरच थांबून पाण्याच्या दिशेने बोट करायचे. "थंय आमचे माड होते." जिथे बोट जायचं तिथे भर दर्या असायचा. त्यांच्या लहानपणी तिथे बाग होती, म्हणे. बागेमागे आजोळचं घर होतं. एका पावसाळ्यात माडांची मुळं उघडी पडली, पुढच्या पावसाळ्यात माड वाकले, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात लोकांनी दारं-खिडक्या काढून नेल्या. "घर दर्यान नेल्यान नाय," ते म्हणायचे. "आमीच वायच वायच करून दिला. रोज बघी आणि रोज म्हणी, आज नाय येवचो."

पाऊस लागला की त्यांचा फोन वैभववाडीला जायचा. तिथे त्यांची लेक दिली होती. "बाय गो, घाट दिसता?" एवढंच विचारायचे. तिथलं पाणी आमच्या खाडीला येत नाही हे त्यांना माहीत होतं. पण घाट ढगात बुडाला की जिल्ह्यातल्या सगळ्याच नद्या फुगतात असा त्यांचा अनुभव होता. त्या दिवशी उधाणाची भरती असली तर खाडीचं पाणी समुद्रात शिरत नाही, समुद्र खाडीत शिरतो, आणि मधे असते आमची वाडी. त्यांनी हे मला टेबलावर दोन हातांनी दाखवलं होतं. दोन्ही तळवे समोरासमोर आणले आणि मधे माझा पेन ठेवला. मग तळवे जवळ आणले.

त्या वर्षी श्रावण लागायच्या आधीच्या अवसेच्या आदल्या दिवशी लेकीने सांगितलं, घाट सकाळपासून दिसत नाही.

अध्यक्ष तसेच मार्केटकडे निघाले. पावसात माणसं बरीच होती, कारण दुसऱ्या दिवशी अवस आणि त्यानंतर महिनाभर कोणाच्या घरी मासळी-मटण शिजणार नव्हतं. त्यांनी क्रेटवर चढून हात जोडले. उद्या दुपारच्या भरतीला दर्या वाडीत येईल, सगळ्यांनी सकाळीच शाळेत येऊन बसावं, म्हाताऱ्यांना आणि पोरांना आधी आणावं, असं गाऱ्हाणं घातलं. इतक्या मोठ्या आवाजात 'व्हय म्हाराजा' मी त्याआधी बाजारात ऐकलं नव्हतं. परत येताना ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "आयकलंस मां? येतले सगळे."

सकाळी मी लवकर शाळेत गेले. काकी म्हणाली होती, "तू हो फुडे, मी वडे तळून येतंय." शाळेत सतरंज्या अंथरलेल्या होत्या, उकळलेल्या पाण्याचे पिंप भरून ठेवले होते, आरोग्य केंद्राची नर्स गोळ्यांचे डबे घेऊन बसली होती. वाडीतून कोणीच आलं नाही. पावसाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. जड, एकसारखा. तो समुद्राचा आहे हे मला माहीत होतं, पण एरवी तो शाळेपर्यंत पोचत नसे.

अध्यक्ष आले. रिकाम्या सतरंज्यांकडे बघत राहिले.

"तुजी काकी खंय?"

मी म्हणाले, "वडे तळतेय."

आम्ही वाडीत गेलो तेव्हा प्रत्येक घरातून सागोतीचा, मटणाच्या रश्श्याचा, वास येत होता. वाटप वाटण्याचे आवाज येत होते. पडवीत पुरुष पत्ते खेळत बसले होते, कारण पावसाळ्यात होड्या बंद. आणि घरांच्या मागे, मासळी सुकवायच्या खळ्याच्या कडेला, पाणी खळ्याइतकंच उंच दिसत होतं. भरतीला अजून वेळ होता.

"अरे, उठलात नाय?" अध्यक्ष म्हणाले. "काल काय आयकलात?"

पत्ते पिसणारा माणूस आदराने उठून उभा राहिला. "अध्यक्षांनू, बसा. सागोती होताच आसा."

"दर्यो येतासा रे."

"काल तुमी गाऱ्हाणा घातलात मां?" तो समजावल्यासारखं म्हणाला. "आमी सगळ्यांनी व्हय म्हटला. मगे आता तो देव बघतलो. दर्यो काय आमच्या हातात आसा?"

करवंटी उलटी करणं माणसाच्या हातात होतं म्हणून लोकांनी ती केली. दर्या देवाच्या हातातला, म्हणून तो त्यांनी देवाकडे सोपवला आणि निश्चिंत होऊन झोपले. गाऱ्हाणं त्यासाठीच तर असतं. हे मला तिथे उभं राहून कळलं आणि त्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण मी त्यांचा चेहरा बघत होते. घरांशी बोलण्यासाठी ते दर्याकडे पाठ करून उभे होते. एवढ्या दिवसांत त्यांचा सबंध चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. तो एका घाबरलेल्या मुलाचा चेहरा होता.

काकी दारात आली. पीठ लागलेलं बोट तिने माझ्याकडे केलं.

"अध्यक्षांनू, कित्या त्या चेडवाक पावसात फिरवतास?"

त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. मला वाटलं परत गाऱ्हाणं घालणार. पण ते काकीपुढे जाऊन उभे राहिले.

"कालचा माजा चुकला," ते म्हणाले. "आज गाऱ्हाणा तू घाल. देवाक नको, माका घाल. मी व्हय म्हणतंय."

पडवीतले लोक हसले. काकीलाही गंमत वाटली. तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि जाणत्या माणसाचा आवाज काढला.

"बा अध्यक्षा म्हाराजा, माजी सागोती चुलीर आसा आणि तू म्हणतस, दर्यो येतलो."

"व्हय म्हाराजा," अध्यक्ष म्हणाले. पडवीतल्या एकदोघांनीही आवाज मिळवला.

"तो माज्या मागीलदारान येतलो."

"व्हय म्हाराजा."

"माजी चूल इझतली. माजा सुका म्हावरा भिजतला."

"व्हय म्हाराजा." आता पत्ते खाली ठेवून सगळेच म्हणत होते. हसत होते.

"घोवाची होडी मागे पडली आसा, ती घेवन जातलो."

"व्हय म्हाराजा." काकीचा आवाज थोडा खाली आला होता. तिचं तिलाच ऐकू येत होतं.

"मी म्हातारी झालंय तरी माका पवाक येता. मी कशीय भायर येतलंय."

"व्हय म्हाराजा."

"ह्या चेडवाक पवाक येना नाय..."

अध्यक्षांनी एकट्यानेच म्हटलं, अगदी हळू, "व्हय म्हाराजा."

काकी माझ्याकडे बघत राहिली. मी पावसात खळ्याच्या बाजूला उभी होते आणि माझ्या चपलांच्या आत थंड पाणी आलं होतं. ते पावसाचं असेल असं मी मनाला सांगत होते. पण ते मागून येत होतं आणि परत जात होतं.

काकी आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात देव्हाऱ्यातला देव होता आणि दुसऱ्या हाताने तिने माझं मनगट धरलं, नगरपरिषदेच्या दारात सोडताना धरलं होतं त्यापेक्षा घट्ट. चूल तशीच पेटती. ती चालायला लागली. शेजारणीने हाक मारली, "गो, सागोती?" काकीने मागे बघितलं नाही. तेव्हा शेजारीण आत जाऊन आपल्या सासूला उठवायला लागली. पत्त्यांचा डाव पडवीत तसाच पडून राहिला. अध्यक्ष शेवटचं घर रिकामं होईपर्यंत तिथेच उभे होते. आता त्यांनी तोंड परत दर्याकडे केलं होतं.

दुपारी चढावरच्या शाळेच्या खिडकीतून आम्ही बघितलं. लाट आली असं काही झालं नाही. पाणी नुसतं वर येत राहिलं, घाई नसल्यासारखं, आणि खाडीच्या बाजूनेही आलं, अध्यक्षांनी टेबलावर तळवे आणून दाखवले होते तसं. आमची मागची भिंत आधी बसली. होडी तरंगली, एकदा गोल फिरली, जणू कोणी तिला वल्हवतंय, आणि गेली. काकी माझ्या शेजारी बसली होती. होडी दिसेनाशी झाल्यावर तिने माझं मनगट सोडलं. तिथे पीठ वाळलं होतं.

पाणी ओसरल्यावर अध्यक्ष कित्येक दिवस औषधाची पावडर घेऊन विहिरींवर फिरत होते. तरीही पुढच्या निवडणुकीत ते पडले. ज्यांच्या घरात पाणी शिरलं नव्हतं ते म्हणायचे, आमची अवसेची सागोती नासवल्यान. ज्यांच्या घरात शिरलं होतं त्यांच्यातले काही म्हणायचे, देवाला घातलेलं गाऱ्हाणं या माणसाने दुसऱ्या दिवशी 'चुकला' म्हटलं, मग देव तरी कसा अडवणार. नव्या अध्यक्षांनी टेबल परत फिरवलं. वारा पाठीवर येतो.

आम्ही मग वर सड्यावर, कातळाच्या माळावर, घर बांधलं. तिथून दर्या दिसत नाही. ऐकूही येत नाही. अध्यक्ष एकदा आले तेव्हा खूप थकले होते. तरी आधी घराला वळसा घालूनच ओटीवर आले. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"दर्यो खंयच्या बाजूक?"

मी हात केला. त्यांनी खुर्ची उचलून त्या बाजूला फिरवली आणि बसले. समोर नुसती भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर.

काकी चहा घेऊन आली. तिला राहवलं नाही. "अध्यक्षांनू, हंय नाय येवचो तो."

ते कॅलेंडरकडे बघत होते. मग त्यांनी बशीत चहा ओतला आणि लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

काकी हसली. मला हसता आलं नाही. ते चहा पिऊन गेल्यावर काकीने खुर्ची परत होती तशी ठेवली. संध्याकाळी, ती आत असताना, मी ती पुन्हा फिरवली.